आडवे झाल्यावर चढणारा रक्तदाब

समजा, एका पासष्ट वर्षांच्या गृहस्थांचा रक्तदाब सकाळी अंथरुणातून उठून उभे राहिल्यावर मोजला. तो भरला ८५/५०. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून ते लगेच खाली बसले. त्याच दिवशी रात्री ते झोपायला आडवे झाल्यावर पुन्हा मोजला. आता तो भरला १९०/१००. यंत्र बिघडलेले नाही, मोजणाऱ्याचेही काही चुकलेले नाही. मग या गृहस्थांचा विकार कोणता म्हणायचा? रक्तदाब कमी असण्याचा, की जास्त असण्याचा?

हा प्रश्न केवळ नावाचा नाही. रात्रीचे १९० पाहून दाब उतरवणारी गोळी सुरू केली, आणि तिचा असर सकाळपर्यंत टिकला, तर हे गृहस्थ न्हाणीघरात जाताना कोसळतील. या वयात अशा पडण्याने खुब्याचे हाड मोडते. सकाळचे ८५ पाहून दाब चढवणारी गोळी दिली, तर रात्रीचे १९० आणखी वर जाईल. असा दाब वर्षानुवर्षे राहिला तर हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना त्याची किंमत मोजावी लागते. एकाच शरीरात दोन उलटे विकार नांदत असल्यासारखे हे दिसते.

असे रुग्ण असतात. त्यांच्यात मूळ दोष हृदयात किंवा धमन्यांत नसून स्वायत्त चेतासंस्थेत असतो. त्यांच्या रात्रीच्या दाबावर पहिला उपाय म्हणून डॉक्टर जे सुचवतात त्यात गोळीपेक्षा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ठेवायच्या विटांना महत्त्व असते. विटा आणि रक्तदाब यांचा संबंध काय? तो समजायला आठवी-नववीचे पदार्थविज्ञान आणि थोडे शरीरविज्ञान पुरते. म्हणूनच हा विषय आम्ही शिक्षकांपुढे ठेवत आहोत.

रक्ताचा स्तंभ

रक्तदाबाच्या पहिल्या थेट मोजणीचे वर्णन इंग्लंडमधले धर्मोपदेशक आणि संशोधक स्टीफन हेल्स यांच्या १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. त्यांनी एका घोडीला बांधून आडवे पाडले, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला एक उंच काचेची नळी जोडली. नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर.

आज आपण दाब सांगतो तो मिलिमीटर पाऱ्यात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे आणि रक्त पाण्यापेक्षा किंचित जड, सुमारे १.०५ पट. म्हणजे १ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब द्यायला सुमारे १३ मिलिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ लागतो. या हिशेबाने हेल्स यांच्या घोडीचा दाब १९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास येतो. हा गुणाकार-भागाकार विद्यार्थ्यांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावा.

आता हाच हिशेब माणसाला लावू. १३ सेंटिमीटर रक्ताचा स्तंभ म्हणजे १० मिलिमीटर पारा. उभ्या माणसाची पावले हृदयापासून सुमारे १२० सेंटिमीटर खाली असतात. तेव्हा पावलातल्या धमनीतला दाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा सुमारे ९० मिलिमीटरने जास्त असतो. डोके हृदयाच्या ३० सेंटिमीटर वर धरले, तर मेंदूकडे पोचताना दाब सुमारे २३ मिलिमीटरने घटतो. तोच माणूस सपाट आडवा झाला की हे दोन्ही फरक जवळजवळ नाहीसे होतात. रक्तदाब मोजताना दंडाला बांधलेला पट्टा हृदयाच्या पातळीला ठेवतात त्याचे कारण हेच.

केवळ दाबाचा फरक असता तर फारसे बिघडले नसते. पण शिरा या लोखंडी नळासारख्या ताठ नसतात. दाब वाढला की त्या फुगतात आणि त्यांत जास्त रक्त मावते. आपण आडव्याचे उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त छातीतून खाली सरकून पोट, मांड्या आणि पोटऱ्या यांच्या शिरांत साठते. माणसाच्या शरीरात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. त्यातले एवढे रक्त खाली अडकले, तर हृदयाकडे परत येणारे रक्त घटते आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारेही घटते. मग आपण सगळे रोज सकाळी उठताना चक्कर येऊन का पडत नाही?

शरीरातला स्टॅबिलायझर

कारण दाबावर लक्ष ठेवणारी एक यंत्रणा आपल्यात आहे. मानेतल्या दोन मोठ्या धमन्या जिथे दुभंगतात तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, भिंतीचा ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. त्यांना आपण दाबसंवेदक म्हणू. (याच जागांमधल्या संवेदकांचा श्वसनाच्या नियंत्रणात काय वाटा आहे हे दाखवल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.) दाब उतरला की भिंतीचा ताण कमी होतो आणि मस्तिष्कपुच्छाकडे जाणारे संदेश विरळ होतात. मस्तिष्कपुच्छातून दोन हुकूम सुटतात. हृदयाला मंद ठेवणारी परानुकंपी चेता जरा गप्प बसते, आणि अनुकंपी चेतातंतू कामाला लागतात. ते हृदयाचे ठोके वाढवतात, लहान धमन्या आवळतात आणि पोटातल्या शिराही आवळून तिथले रक्त वर ढकलतात. हे सारे काही सेकंदांत होते. आपल्याला पत्ताही लागत नाही. दाब वाढला तर हेच सगळे उलट दिशेने घडते.

घरातल्या फ्रिजला जोडलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर आठवा. बाहेरची वीज कमी-जास्त होत असते, पण स्टॅबिलायझर फ्रिजपर्यंत तो चढउतार पोचू देत नाही. स्टॅबिलायझर बिघडला तर काय होईल? फ्रिजला कधी कमी वीज मिळेल, कधी जास्त. 'कमी व्होल्टेजचा बिघाड' आणि 'जास्त व्होल्टेजचा बिघाड' असे दोन बिघाड झाले, असे आपण म्हणणार नाही. बिघाड एकच, सांभाळणारा निकामी झाल्याचा. आपल्या गृहस्थांचेही तसेच झाले आहे.

सांभाळणारा निकामी झाला तर

उभे राहिल्यावर दाब फार उतरण्याच्या या विकाराचे सविस्तर वर्णन ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२५ साली केले. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष मानतात. अशक्तपणा, जुलाब, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे, काही औषधे यांनीही असे होते. पण चेतासंस्थेच्या विकारात एक खूण वेगळी दिसते. दाब उतरूनही नाडी पुरेशी वाढत नाही. दाब ४० ने उतरला तर ठोके मिनिटाला निदान २० ने वाढावेत अशी अपेक्षा असते. ते पाच-सातनेच वाढले, तर हुकूम पोचवणारी तार तुटल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

ही तार अनेक ठिकाणी तुटू शकते. दीर्घकाळच्या मधुमेहात बारीक चेतातंतू झिजतात. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणारे अनुकंपी तंतू नष्ट होऊ शकतात. 'प्युअर ऑटोनॉमिक फेल्युअर' नावाच्या विरळ आजारात बहुतांशी हे तंतूच जातात. 'मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी' या दुसऱ्या विरळ आजारात तंतू बव्हंशी शाबूत असतात, पण मेंदूतली त्यांना हुकूम देणारी केंद्रे झिजतात.

उभे राहिल्यावर दाब का उतरतो हे आता कळले. पण आडवे झाल्यावर तो वर का जातो? सामान्य माणूस आडवा होतो तेव्हा खालचे अर्धा-एक लिटर रक्त छातीत परत येते. दाबसंवेदक ते ओळखतात आणि रक्तवाहिन्या सैल करायला लावतात. या रुग्णांत ओळखले तरी सैल करण्याचा हुकूम पोचत नाही. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीत उरलेले अनुकंपी तंतू लगाम नसलेल्या घोड्यासारखे आपल्याच गतीने धमन्या आवळत राहतात. ते तंतू औषधाने थोडा वेळ बंद केले की अशा रुग्णांचा आडव्या स्थितीतला दाब झपाट्याने उतरतो, हे प्रयोगात दिसले आहे. प्युअर ऑटोनॉमिक फेल्युअरमध्ये मात्र हे तंतूच नसतात, तरीही दाब चढतो. तिथे रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरके आणि इतर कारणे असावीत. या बाबतीतला उलगडा अजून पुरा झालेला नाही.

किमान पाच मिनिटे आडवे पडल्यानंतर दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याला आडव्या स्थितीतला उच्च रक्तदाब म्हणतात. चेतासंस्थेच्या दोषामुळे उभ्याने दाब उतरणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत तो सापडतो. गंमत अशी की तो बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. चक्कर उभे राहिल्यावर येते, म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडे असते. दवाखान्यात दाब मोजतात तो खुर्चीत बसवून, आणि बसून तो पुष्कळदा बरा दिसतो. रात्रीचे १९० कोणाच्या दृष्टीला पडतच नाही.

रात्री काय हरवते

यातून एक दुष्टचक्र सुरू होते. रात्रभर दाब चढलेला राहिला की मूत्रपिंडे त्याला आपल्या परीने उत्तर देतात. मूत्रपिंडात जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढला की ती जास्त मीठ आणि जास्त पाणी बाहेर टाकतात. हा त्यांचा जुनाच गुणधर्म आहे. रुग्ण रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतो. प्रत्येक वेळी उभे राहताना दाब कोसळून पडण्याचा धोका, तोही अंधारात. सकाळपर्यंत शरीरातले मीठ-पाणी इतके घटलेले असते की उठल्यावरचा दाब दिवसातला सर्वांत वाईट असतो. म्हणजे रात्रीचा उच्च दाब हाच सकाळच्या कमी दाबाचे एक कारण आहे. रात्रीचा दाब औषधाशिवाय खाली आणता आला, तर दोन्ही टोके एकदम सुधारण्याची आशा आहे. बिनऔषधी उपायांना इथे एवढे महत्त्व का, ते यावरून लक्षात येईल. गोळी घेतली की तिचा असर काही तास आपल्या हातात राहत नाही. मांडणी बदलून केलेला उपाय मात्र माणूस उभा राहताच संपतो.

पलंग आणि विटा

सर्वांत जुना उपाय पलंग तिरपा करण्याचा. मेयो क्लिनिकमधल्या मॅक्लीन आणि ॲलन यांनी १९४० साली त्याचे वर्णन केले. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू ६ ते ९ इंच, म्हणजे १५ ते २३ सेंटिमीटर उचलतात.

याने साधते काय? पुन्हा हिशेब करू. पलंग २०० सेंटिमीटर लांब आहे आणि एक बाजू २३ सेंटिमीटर उचलली आहे. कोनाचे साइन २३ भागिले २००, म्हणजे ०.११५, कोन सुमारे साडेसहा अंश. हृदय पावलांपासून १३० सेंटिमीटरवर धरले, तर ते पावलांपेक्षा १५ सेंटिमीटर उंच राहील. १५ सेंटिमीटर रक्त म्हणजे साडेअकरा मिलिमीटर पारा. आकडा लहान वाटतो; पण सपाट आडव्या माणसाच्या पायाच्या शिरांत मुळातच जेमतेम १० मिलिमीटरच्या आसपास दाब असतो. तो दुप्पट झाला की शिरा फुगतात, काही रक्त तिथे थांबते, छातीत परत येणारे रक्त तेवढे घटते आणि धमन्यांतला दाब उतरतो. मूत्रपिंडे कमी मीठ-पाणी टाकतात. सामान्य माणसाला एवढ्या तिरपेपणाने फरक पडणार नाही, कारण त्याचा स्टॅबिलायझर तो भरून काढतो. या रुग्णांत भरून काढणारा नाही, म्हणूनच उतार काम करतो. दोषाचाच उपचारासाठी उपयोग करून घेण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

डोक्याखाली तीन उशा घेऊन हे साधत नाही. उशांनी मान वाकते. हृदय आणि पाय यांच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. सगळे अंगच तिरपे व्हायला हवे. माणूस घसरू नये म्हणून पायाशी फळी किंवा घट्ट गुंडाळी ठेवतात.

या उपायाचा पुरावा किती पक्का आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्याला वाटेल तितका नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उभ्याने दाब उतरणाऱ्या वृद्धांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाच्या पलंगाची बाजू ६ इंच उचलली, दुसऱ्याची नाही. उभ्याने होणाऱ्या दाबाच्या घटीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पण त्या वृद्धांचे विकार सरमिसळ होते, आणि उतार अंगाच्या चार-साडेचार अंशांचाच होता. त्याहून जास्त, बारा अंशांच्या उतारावर झोपलेल्या मोजक्या रुग्णांत सुधारणा दिसली आहे. बारा अंश म्हणजे दोन मीटरच्या पलंगाची बाजू ४० सेंटिमीटरहून जास्त वर. एवढ्या उतारावर रोज झोपणे सोपे नाही. म्हणून सोसेल तेवढा उतार द्यायचा, दाब मोजत राहायचे आणि उपयोग होतो का ते त्या रुग्णापुरते पाहायचे, असा व्यवहार आहे. रात्री आणि सकाळी वजन करणे ही आणखी एक सोपी मोजणी. रात्रीतून घटणारे वजन कमी होऊ लागले, तर मीठ-पाणी शरीरात राहू लागले असे समजते.

खाणे, पाणी आणि ऊब

जेवणानंतर आतड्यांकडचा रक्तप्रवाह वाढतो. निरोगी माणसात इतर रक्तवाहिन्या आवळून दाब सांभाळला जातो. या रुग्णांत जेवणानंतर, विशेषतः भात, साखर अशा पिष्टमय आणि गोड पदार्थांनंतर, दोन तासांच्या आत दाब बराच उतरतो. सकाळी नाश्ता करून उठताना ही आपत्ती असते. म्हणून दिवसा थोडे थोडे आणि अनेकदा खावे असे सांगतात. पण रात्री हीच आपत्ती उपयोगी पडते. झोपण्यापूर्वी थोडेसे पिष्टमय खाल्ले, तर रात्रीच्या पहिल्या काही तासांतला दाब उतरायला मदत होते. मधुमेही रुग्णाने मात्र हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

पाण्याची गोष्ट याच्या बरोबर उलट. साधे पाणी प्यायल्याने रक्तदाब वाढतो, असे कोणी म्हटले तर आपण हसू. निरोगी तरुणात तो वाढतही नाही. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की स्वायत्त चेतासंस्था निकामी झालेल्या रुग्णांनी ४८० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे पेले पाणी प्यायल्यावर वरचा आकडा सरासरी ३० मिलिमीटरहून अधिक चढला. परिणाम पाच-दहा मिनिटांत सुरू झाला आणि तासाहून अधिक टिकला. एखाद्या गोळीइतका हा परिणाम आहे. म्हणून सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी दोन पेले पाणी घटाघट पिणे हा या रुग्णांचा उत्तम उपाय आहे, आणि झोपण्यापूर्वीच्या तास-दीड तासात एवढे पाणी पिणे हा अपाय. एकच पेला, घड्याळात किती वाजले यावर औषध की अपथ्य ते ठरते.

उबेवरही काम झाले आहे. उष्णतेने कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात. भर उन्हाळ्यात या रुग्णांची दिवसाची चक्कर वाढते ती यामुळे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात आडव्या रुग्णांच्या पोटावर ४० ते ४२ अंश सेल्सियसची ऊब देणारी गादी दोन तास ठेवली. वरचा आकडा २० मिलिमीटरच्या आसपास उतरला. हा प्रयोग संशोधकांच्या देखरेखीखाली झालेला होता. ज्यांच्या कातडीची संवेदना कमी झालेली असते, अशा मधुमेही रुग्णांना गरम पिशवीने नकळत भाजते. तेव्हा घरी परस्पर हा प्रयोग करू नये.

नेहमीचे सल्ले उलटतात तेव्हा

रक्तदाबाचे माहितीपत्रक आपण सर्वांनी वाचलेले असते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, दमल्यास आडवे व्हा. सामान्य उच्च रक्तदाबासाठी त्यातले मिठाचे पथ्य अगदी योग्य आहे. आपल्या गृहस्थांना मात्र दिवसाचा दाब सांभाळण्यासाठी पुष्कळदा मीठ वाढवायला सांगितलेले असते. घरच्यांनी प्रेमापोटी त्यांचे मीठ तोडले, तर सकाळी ते उभेच राहू शकणार नाहीत.

विश्रांतीचेही तसेच. दुपारी सपाट आडवे होणे म्हणजे दाबाला वर जायला दार उघडून देणे. दुपारची झोप घ्यायची तर आरामखुर्चीत, पाय खाली सोडून. दिवसा पोटाला बांधायचा पट्टा रक्त खाली साठू देत नाही, म्हणून चालताना चांगला. रात्री तो काढलाच पाहिजे. दाब चढवणाऱ्या गोळीची दिवसातली शेवटची मात्रा झोपण्याच्या किमान चार तास आधी घेतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आणि चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या थेंबांत रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्ये असतात. या रुग्णांत त्यांनी दाब फार चढू शकतो, म्हणून ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

एवढे करूनही रात्रीचा दाब फारच चढलेला राहिला, तर झोपताना थोडा वेळ टिकणारे औषध देतात. तो निर्णय डॉक्टरांचा. त्यांच्यापुढे आडवे, बसून आणि उभे अशा तिन्ही स्थितींतले, वेळेसह लिहिलेले आकडे असतील तर तो निर्णय जास्त चांगला होतो. ही वही घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगीही नीट ठेवू शकते.

मेरुरज्जूला इजा झालेला माणूस

स्वायत्त चेतासंस्थेच्या बिघाडाने दाब चढण्याचा आणखी एक प्रकार आहे. तिथे वेळ रात्रभराचा नसून मिनिटांचा असतो.

अपघातात किंवा झाडावरून पडून ज्यांच्या मेरुरज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा झाली आहे, त्यांच्या इजेखालच्या अंगाची संवेदना गेलेली असते. पण तिथल्या चेतातंतूंचे मेरुरज्जूशी नाते तुटलेले नसते. मूत्राशय तट्ट भरले, तर त्याची बातमी मेरुरज्जूपर्यंत पोचते आणि तिथूनच परतीचा हुकूम सुटतो. पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात. दाब झपाट्याने चढतो. मेंदूला ते कळते, पण 'सैल करा' हा त्याचा निरोप इजेच्या खाली उतरू शकत नाही. त्याच्या हातात उरते फक्त हृदयाकडे जाणारी परानुकंपी चेता, जी मेरुरज्जूतून जात नाही. म्हणून ठोके मंदावतात. इजेच्या वर चेहरा लाल होतो, घाम फुटतो, डोके फुटेल असे दुखते. इजेच्या खाली कातडी फिकट पडते, अंगावर काटा येतो. ज्याचा एरवीचा दाब १०० आहे त्याचा १५० झाला, तरी तो त्याच्यासाठी फार असतो, आणि तो तिथेच थांबेल याची खात्री नसते. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मूत्राशय फुगण्याने दाब असा चढतो हे गुटमन आणि व्हिटरिज यांनी १९४७ साली दाखवले. हे लुडविग गुटमन म्हणजेच पॅरालिंपिक खेळांचे जनक.

इथेही पहिला उपचार गोळीचा नाही. डोके दुखते म्हणून आपण माणसाला आडवे करतो. या माणसाला आडवे करणे धोक्याचे आहे. त्याला ताबडतोब बसते करायचे आणि पाय खाली सोडायचे. रक्त खाली साठू द्यायचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला कामाला लावायचे. कपडे, पट्टे, बूट सैल करायचे. मग कारण शोधायचे. लघवीची नळी पिळली गेली आहे का? पिशवी तुंबली आहे का? शौच साठले आहे का? चाकाच्या खुर्चीत कुठे काही टोचते आहे का, जखम आहे का, पायाचे नख मांसात गेले आहे का? नळीची गाठ सुटली की पुष्कळदा काही मिनिटांत दाब उतरतो. दर दोन ते पाच मिनिटांनी तो मोजत राहायचे. हे सारे करतानाच डॉक्टरांना बोलवायचे. कारण सापडले नाही किंवा दाब चढलेलाच राहिला, तर औषध लागते आणि ते रुग्णालयातच द्यावे लागते.

आपल्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरून येणारा असा विद्यार्थी असेल, तर त्याच्या डोकेदुखीचा अर्थ इतरांच्या डोकेदुखीपेक्षा वेगळा असू शकतो. शिक्षकाने हे पालकांकडून आधीच समजून घेतलेले बरे. त्या दिवशी 'जरा बाकावर पड' असे न म्हणता त्याला ताठ बसते ठेवणे आणि नळी पाहणे यात त्याचा जीव वाचू शकतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

हाताची मागची बाजू पाहा. हात खाली सोडला की शिरा फुगलेल्या दिसतात. आता हात हळूहळू वर न्या. एका उंचीला त्या चपट्या होतात. ही उंची हृदयाच्या पातळीच्या किती वर किंवा खाली आहे ते पट्टीने मोजा आणि सेंटिमीटरचे मिलिमीटर पारा करा. शिरांतला दाब किती कमी असतो याचा अंदाज विद्यार्थ्यांना येईल.

दुसरा प्रयोग नाडीचा. विद्यार्थ्याला सतरंजीवर पाच मिनिटे शांत पडू द्या आणि नाडी मोजा. मग त्याला उभे करा आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. ठोके वाढलेले दिसतील. ही वाढ म्हणजे आपल्या स्टॅबिलायझरचे काम प्रत्यक्ष पाहणे आहे. ज्याला चक्कर येण्याची सवय आहे किंवा जो उपाशी आहे त्याला या प्रयोगात घेऊ नये, आणि शेजारी एकाने आधाराला उभे राहावे.

रक्तदाब मोजायचे यंत्र आता पुष्कळ घरांत आले आहे. त्याच्या पडद्यावर दोन दाबांचा आणि नाडीचा असे तीन आकडे उमटतात. माणूस आडवा होता, बसला होता की उभा, जेवून किती वेळ झाला, पाणी केव्हा प्याला, हे त्या पडद्यावर उमटत नाही. तेवढे वहीत आपल्याला लिहावे लागते. आजोबांचा किंवा आजींचा दाब मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना आकड्याशेजारी एवढी एक नोंद करायला आपण शिकवले, तरी एखाद्या घरातले न्हाणीघरात पडणे टळेल.